धामणगावच्या जिनातला तिसरा चौक

१. मंगळवारी दुपारी तीनला धामणगाव बढे इथे, कापूस पिंजायच्या जुन्या जिनाच्या आवारात, कलगी आणि तुरा या दोन फडांचा सवाल-जवाब सुरू झाला.
२. तुऱ्याच्या फडाचे सखाराम शाहीर यांनी सवाल टाकला.
३. कलगीचे पुंडलिक शाहीर म्हणाले, सवालात खूण नव्हती.
४. सखाराम शाहीर म्हणाले, होती.
५. मी टेप वाजवली. तीत खूण नव्हती.
६. सखाराम शाहिरांनी डफाला बांधलेला तुरा सोडून समोर ठेवला.

एवढे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेले मला सांगायचे आहे. वाटेची माहितीही देते, कारण हे गाणे ऐकायला माणसाने एकदा तरी जावे.

मी पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ध्वनियंत्रे तपासण्याचे काम करते. माझी मैत्रीण नलू हिचे मामा धामणगावला शिक्षक आहेत. दोन नामांकित फड एकाच दिवशी येणार असल्याचे त्यांनी कळवले, तेव्हा मी रजा काढली आणि बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर लेखी परवानगीने बरोबर घेतला. तीन रिळे, एका बाजूला बत्तीस मिनिटे.

मनमाडला गाडी बदलावी लागते. भुसावळनंतर डब्यातली बोली बदलली. शेगावला जाणाऱ्या भाविकांचा एक घोळका ‘मले’, ‘तुले’ करत दशम्या वाटून घेत होता. मलकापूरला उतरले. स्टँडसमोरच्या हॉटेलात पातळ, तिखट रश्शाची शेवभाजी मिळते. सोबत पाणी जवळ ठेवावे. एस.टी. दिवसातून थोड्याच आहेत, तेव्हा पोहोचल्याबरोबर वेळा विचारून घ्याव्यात. मोताळ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे मुरूम.

कंडक्टरने माझ्या पेटीकडे पाहिले. “टपावर टाकू का?”

“नको. आत यंत्र आहे.”

“मंग मांडीवर घ्या, ताई. टपावर टाकलं तं गावात जाईलोक नुसता भुसा निंगन.”

मामींनी दारातच विचारले, “एकटीच आली का व? घरच्यांनी येऊ देल्लं?” मी हो म्हटले. “लगन?” नाही म्हटले. “बरं हाय,” त्या म्हणाल्या आणि मला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी वाढली. पुढे तो विषय निघाला नाही.

कापसाचा हंगाम सरला होता, त्यामुळे जिन बंद होता. आवारात सरकीचा वास आणि वर ताडपत्री. गाणे सुरू होण्याआधी दोन्ही फडांनी कडबा पेटवून डफ शेकले. शेकल्यावर कातडे ताणते आणि आवाज चढतो. तो किती वेळ चढलेला राहतो ते मी घड्याळ लावून पाहिले: सुमारे अकरा मिनिटे. त्यानंतर वाजवणारा गाता गाताच शेकोटीपाशी सरकतो आणि तुणतुणेवाला तेवढा वेळ भरून काढतो. हे त्यांना कुणी शिकवले, असे मी विचारले.

“डफच शिकवते,” सखाराम शाहीर म्हणाले. सत्तरीचे, किरकोळ अंगाचे. त्यांनी माझ्या यंत्रावर बोट ठेवले. “आन हे? याले नाही शेकावं लागत?”

“नाही.”

“मंग हे गात नसंन,” पुंडलिक शाहीर पलीकडून म्हणाले. सगळे हसले.

रीत अशी. एक फड कोड्यासारखा सवाल गातो. प्रत्येक कडव्याला चौक म्हणतात. चौक संपला की मागचे झीलकरी पालुपद चार वेळा म्हणतात. सवालात कुठेतरी खूण द्यावी लागते. म्हणजे उत्तर घरात शोधायचे, शेतात की देहात, एवढे तरी सांगायचे. खूण न देता सवाल टाकणारा हरला, आणि हरलेल्याने पुढच्या बैठकीपासून फडापुढे बसायचे नाही.

पालुपद तेच ते असते, म्हणून रीळ वाचवण्यासाठी मी ते एकदा घेऊन यंत्र थांबवत होते आणि नवा चौक सुरू झाला की पुन्हा चालू करत होते.

सखाराम शाहिरांचा सवाल असा होता: बिनदाराच्या घरात बिनपायाची पाहुणी, ती आत येते तेव्हा घर हलते, ती गेली की घराची राख होते. कलगीवाल्यांनी पाऊस म्हटले, वारा म्हटले, आग म्हटली. मग पुंडलिक शाहीर उठले. “खूणच नाही देल्ली तुम्ही, बुवा.”

“तिसऱ्या चौकात देल्ली. देहात पाहा म्हनलं.”

“कोनं आयकली?”

तुऱ्याकडच्यांनी हात वर केले. कलगीकडच्यांनी नाही. बराच वेळ आरडाओरडा चालला. मामा दोघांना समजावत होते. मी म्हणाले, “माझ्याकडे टेप आहे.”

तिसरा चौक दोनदा वाजवला. सखाराम शाहीर यंत्राच्या अगदी जवळ, मान तिरपी करून ऐकत होते. खूण नव्हती.

“मशीन काऊन खोटं बोलंन,” ते म्हणाले. “माहीच जीभ घसरली असंन.” त्यांच्या फडातला एकजण “बुवा, म्या सोता आयकलं” म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला हातानेच गप्प केले आणि तुऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी होती, वेळ लागला.

पुण्यात परतल्यावर मी तिन्ही रिळे नोंदींशी ताडून ऐकली. पहिल्या चौकानंतर माझे बोट उशिरा पडले होते. तिथे पालुपदाचे दुसरे आवर्तन टेपवर आले आहे. झीलकऱ्यांच्या आवाजाखाली सखाराम शाहीर एक वेगळी, नवी ओळ म्हणताना ऐकू येतात. म्हणजे हे गृहस्थ पालुपदाच्या आड ओळी घालतात. तिसऱ्या चौकानंतर माझी नोंद आहे: ‘पालुपद. यंत्र बंद.’ त्या तीन आवर्तनांत काय गायले गेले ते टेपवर नाही. खूण होती हे मी सिद्ध करू शकत नाही. नव्हती हे टेपने सिद्ध होत नाही, आणि त्या दिवशी मी ते सिद्ध झाल्यासारखे वाजवून दाखवले. यंत्र मधे मधे थांबवले होते हे सांगायला हवे होते. मला ते महत्त्वाचे वाटले नाही.

हे सर्व मी मामांमार्फत दोन्ही शाहिरांना कळवले. पुंडलिक शाहिरांचा निरोप आला: “बटन दाबलं असंन तं निकाल कच्चा. पन साक्ष तुऱ्यावाल्याची नाही चालनार. बाहेरचा मानूस आना.” सखाराम शाहिरांचा निरोप मामांनी जसाच्या तसा लिहिला आहे: “बाईले सांगा, मले आता माहाच भरोसा राह्यला नाही. म्या म्हनलं का नाही म्हनलं, मलेच याद नाही.” ते घरीही डफ हातात घेत नाहीत.

पुढची बैठक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच आवारात आहे. त्या मंगळवारी तिथे आसपासच्या गावांतले शेतकरी होते, मलकापूरचे काही व्यापारी होते, आणि एस.टी. चुकली म्हणून थांबलेले एक जोडपेही होते. यांतले जे कोणी दोन्ही फडांचे नाहीत आणि ज्यांना तिसऱ्या चौकानंतरच्या पालुपदात सखाराम शाहीर काय म्हणाले ते आठवते, त्यांनी जसे आठवते तसे, स्वतःची भर न घालता, चैत्री पौर्णिमेपर्यंत या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. काहीच वेगळे ऐकले नसेल, तर तेही कळवावे.