दार धरलंय, या

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर ऑफिसात पाण्याचा जार नेला. शालनने कार्ड लावलं, दार पायाने अडवलं नि म्हणाली, "दार धरलंय, या." मी जार खांद्यावर घेऊन आत.

"अगं, दार धरायचं नाही म्हणून परवाच ट्रेनिंग झालं ना?"

"मग ठेवा जार नि उघडा तुम्हीच!"

दुपारी तिला चक्कर आली, ती गेलीच.

मी सातवी शिकलेला माणूस. भूतबित मानत नाही. बायको गेल्यावरही मानलं नाही. झालं ते लिहितो.

डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एका कंपनीत आम्ही दोघं साफसफाईला. तिथे लोकांची माहिती कॉम्प्युटरवर सांभाळतात, म्हणून नियम कडक — एक कार्ड, एक माणूस. नोकरी संपली की कार्ड जमा. शालनचं मी जमा केलं नाही. गळ्यातच राहू दिलं, सरणावर तसंच गेलं. फोटो चांगला आलेला तिचा त्यावर...

तेराव्यानंतर कामावर गेलो. आठवड्याने सिक्युरिटीच्या मॅडमनी बोलावलं. गेटच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या सिक्युरिटीच्या.

"काका, काकूंचं कार्ड कोणाकडे आहे?"

"जळालं."

"रोज सकाळी लागतंय ते. कोणीतरी कॉपी काढलीय. आणि तुमचं आठवडाभरात एकदाही लागलेलं नाही. तुम्ही आत येता कसे?"

खरंच, मी कार्ड लावतच नव्हतो. जार खांद्यावर, मान खाली, दार उघडं असायचं. कोण उघडतं ते कधी बघितलंच नाही. इतक्या वर्षांची सवय.

मॅडमनी कॅमेरा दाखवला. दार उघडतं. तिथे कोणी नाही. दार तसंच उघडं राहतं, मी आत जातो, मग सावकाश लागतं. मॅडमनी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मग घटाघटा पाणी प्यायल्या.

"ते कार्ड त्याच दिवशी बंद करायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. आता नाही केलं तर चोरीचा रिपोर्ट जाईल, काकूंच्या नावाने. करू बंद?"

नका करू, असं अगदी ओठावर आलेलं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण शालनला कोणी चोर म्हटलेलं मला चाललं नसतं.

"करा."

एक बटण दाबलं. झालं. मरणाच्या दाखल्याला पण यापेक्षा जास्त वेळ लागलेला.

पुढे मशीनवाला येऊन दाराचं कार्डाचं मशीन तपासून गेला. मशीन चांगलं आहे म्हणाला. मग ते काय होतं, मॅडमना कळलं नाही, मला अजून कळत नाही.

बटण दाबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जार घेऊन दारापाशी गेलो. दार बंद. जरा थांबलो... नाही उघडलं. जार खाली ठेवला. माझं कार्ड लावलं, जार आत ढकलला नि दार पायाने अडवून धरलं.

गेटवरचा ओरडला, "ओ काका, सोडा दार! कोणासाठी धरलंय?"

नाही सोडलं.

"दार धरलंय," म्हटलं, "ये."