कीपर मागे उभा राहायचा

मी बॉलिंग करण्यासाठी नोकरीला होतो म्हटलं की आजकालची पोरं हसतात. हसू देत. सत्तरच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांना आपापल्या क्रिकेट टीमचं भारी वेड होतं. रबाळ्याच्या आमच्या कंपनीत मी नावापुरता स्टोअरमध्ये होतो. खरं काम एकच, नवा बॉल टाकायचं. नोकरी मात्र टेम्पररी. सीझन संपला की साहेब बोलवायचे आणि पुढच्या वर्षी ठेवणार की नाही ते सांगायचे. मर्जी त्यांची, आपण नुसतं उभं राहायचं.

पस्तिशी उलटली त्या वर्षी साहेबांनी वेगळंच काढलं. "परमनंट करतो. पण पूर्ण वेळ स्टोअर. बॉलिंग आता नवी मुलं करतील." त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस दिघ्याला आमच्या खोलीवर आला. त्यांच्याकडे नोकरी एकाच सीझनची, पण नवा बॉल माझ्या हातात. पुढचं पुढे.

बायको म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. पोरगी शाळेत जायला लागलीय. तुमचा खांदा रोज शेकते मी, मला विचारा."

मला राग आला, खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. खांदा दुखत होता, कबूल. पण स्पीड गेला नव्हता आणि त्याचा पुरावा होता आमचा विकेटकीपर. तळवलीचा गडी, स्टोअरमध्ये माझ्याच शेजारी बसायचा. बॉलर जितका फास्ट तितका कीपर स्टंपपासून मागे उभा राहतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा माझ्यासाठी पहिल्यापासून पार मागे उभा राहायचा आणि अजूनही तिथेच होता. हल्ली कॅच त्याच्या पुढ्यात पडायचे, एवढंच. मी भर ग्राउंडवर ओरडायचो, "हात आहेत की सुपं? म्हातारा झालास लेका!" तो हसून ग्लोव्हज झटकायचा. लोक त्याला टीममधून काढा म्हणत होते, तरी जागचा हलला नाही.

मी परमनंट नोकरी नाकारली. बायकोने ताट वाढलं. खांदा मात्र त्या रात्री शेकला नाही.

नव्या कंपनीचा कीपर कोवळा होता. माझं नाव ऐकून तो आधी लांब उभा राहिला. माझा दुसराच बॉल त्याच्या पुढ्यात आणखी एक टप्पा घेऊन पोचला. तो थोडा पुढे आला. मग आणखी पुढे. तिसऱ्या ओव्हरला तो सरळ स्टंपला चिकटून उभा राहिला, स्पिनरला राहतात तसा. मंडपातून कुणीतरी ओरडलं, "काका, फिरकी टाकताय काय?" मी होता नव्हता तेवढा जोर लावला. खांद्यातून कळ गेली. त्याने बॉल एका हाताने, आरामात धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सीझन संपला आणि मी मोकळा झालो. जुन्या साहेबांनी दारात उभं केलं नाही. बायको पॅकिंगच्या कामाला जायला लागली, मी एका गोडाऊनवर वॉचमन झालो.

पुढे एकदा तो तळवलीचा गडी गेटवर भेटायला आला. त्यालाही टीममधून काढलं होतं, सुटलेल्या कॅचपायी. चहा घेताना मी विचारलंच, "का रे उभा राहायचास एवढा मागे?"

"मी कुठं उभा राहतो त्यावर साहेब नजर ठेवून असायचा," तो म्हणाला. "मी पुढं सरकलो असतो तं त्याच दिवशी तुला घरी बसवला असता. टेम्पररी मानूस तू."

"मग मी दुसरीकडे निघालो तेव्हा तरी बोलायचंस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय बोलनार? बॉल तर तू टाकत होतास. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. मी गेट उघडायला उठलो.