रफूवाल्या बाई आणि छतातला आवाज

माझी मावशी एकोणीस वर्षं एकाच लाँड्रीत रफूचं काम करत होती. पुढे काउंटर आणि मागे एक लांबट खोली. खोलीत एका भिंतीला इस्त्रीचं टेबल, समोरच्या भिंतीला खिडकी आणि खिडकीखाली मावशीची खुर्ची. कोणाचा कोट खिळ्याला अडकून फाटलेला असायचा, कोणाची शाल कसरीनं खाल्लेली. कपडा तिच्या हाताखालून गेला की भोक कुठं होतं ते ज्याचं त्यालाही सापडायचं नाही. गिऱ्हाइकं तिला रफूवाल्या बाई म्हणत. ती आमच्याकडेच राहायची, त्यामुळे हे सगळं मी जेवताना तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

रफूच्या कामातला निम्मा वेळ काम दिसतच नाही. आधी कपड्याची वीण बघायची, उभे धागे किती, आडवे कसे गेलेत, कुठं एकाआड एक उचललेत. कधीकधी भिंग लावून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत राहावं लागतं. मग त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून धागे काढायचे आणि एकेक करून भोकात विणायचे. हात चालू होतो तेव्हा खरं अवघड काम संपलेलं असतं.

थोरल्या मालकांना हे ठाऊक होतं. मावशी बघत बसलेली दिसली की ते चहाचा कप शेजारी ठेवून मुकाट्यानं निघून जात. पुढे त्यांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि कारभार मुलाच्या हातात आला. धाकट्या मालकांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुकान काढलं होतं आणि ते तिकडेच बसत. इकडे लक्ष राहावं म्हणून त्यांनी मागच्या खोलीच्या छताला कॅमेरा लावून घेतला. त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मावशी एका ब्लेझरची बाही भिंगाखाली धरून बसली होती.

"बाई, हात का थांबलेत?"

मावशीच्या हातातलं भिंग खाली पडलं. समोर इस्त्रीकाका उभे होते. ते मावशीच्याही आधीपासूनचे, सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांनी छताकडे बघितलं, इस्त्री उभी केली आणि हात जोडले. "आकाशवाणी झाली," ते म्हणाले. तेव्हापासून त्या आवाजाचं नाव आकाशवाणी पडलं.

सुरुवातीला हसण्यावारी गेलं. पण आवाज दिवसातून सात-आठ वेळा यायला लागला. काका पाणी प्यायला गेले की, "काका, कुठं निघालात?" मावशीनं मान मोकळी केली की, "बाई, बरं नाही का?" यातलं शेवटचं काळजीनं विचारलेलं नसायचं. मावशीनं दोनदा फोन करून सांगून बघितलं, की साहेब, बघणं हेच माझं काम आहे. त्यावर ते म्हणाले, "बघा ना, पण हात चालू ठेवून बघा."

मग मावशीनं एक युक्ती केली. टेबलावर उजवीकडे एक जुनं फडकं ठेवलं. डोळे खऱ्या कपड्यावर आणि उजवा हात त्या फडक्यात उगाच सुई घालतोय, काढतोय. आकाशवाणी थांबली. पण दोन्हीकडे लक्ष ठेवून संध्याकाळपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागायचं. घरी आली की चपला कशातरी काढायची आणि भिंतीला टेकून बसायची. एकदा आईनं तिला चहा दिला तेव्हा मी बघितलं, डाव्या हातात कप होता आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर टाके घालत होती.

"सोडून दे ती नोकरी," आई म्हणाली.

"सोडते आणि काय करते? एवढ्या वर्षांत मला दुसरं काही येत असेल असं वाटतं का तुला?"

"अगं, पण जीव जातोय तुझा."

"काम चांगलं आहे गं," मावशी म्हणाली. "ते वरून बोलणं तेवढं नको."

असे आठ महिने गेले.

एका सकाळी काका एका शिक्षिकेचा लोकरी कोट दाबत होते. कुठल्याशा मोठ्या कार्यक्रमात तिचा सत्कार होता आणि संध्याकाळी सहा वाजता ती कोट न्यायला येणार होती. तेवढ्यात छतातून आवाज आला, "काका, इतका वेळ एकाच कपड्याला?" काका दचकले, वर बघून उत्तर द्यायला गेले आणि इस्त्री जागीच राहिली. उचलली तेव्हा खिशाच्या वर नखाएवढं भोक पडलं होतं आणि खोलीत जळक्या लोकरीचा वास पसरला होता.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. वरून मात्र सगळं दिसलेलं होतं. "तो कोट बाजूला ठेवा. गिऱ्हाइकाशी मी बोलतो. काका, तुम्ही आता घरी जा. उद्या यायचं का नाही ते कळवतो."

काकांनी खरंच खुंटीवरचा सदरा काढला.

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं कोट उचलला, खिडकीपाशी नेला, भोक उजेडात धरलं. "होईल हे. पाच वाजेपर्यंत होईल. कुठं जाऊ नका."

ती बसली आणि वीण बघायला लागली. तिरकी वीण होती, दोन रंगांचे धागे, त्यातला एक जवळजवळ दिसत नव्हता. त्या दिवशी फडक्यात सुई घालायला तिच्याकडे हात शिल्लक नव्हता. पाच मिनिटं झाली नाहीत तोच वरून आलं, "बाई, नुसत्या काय बसलात?"

मावशी उठली. धुवून घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगातून उशीचा एक अभ्रा घेतला, स्टुलावर चढली आणि तो अभ्रा कॅमेऱ्यावर टोपीसारखा घातला. वर दोऱ्यानं बांधलाही. खाली उतरून पुन्हा खुर्चीत बसली. अभ्र्याआडून एकदोनदा "बाई? बाई?" असं आलं, मग काउंटरवरचा फोन वाजायला लागला.

"घेऊ का?" काकांनी विचारलं.

"वाजू द्या."

ती मला पुढे म्हणाली, की तेव्हा नोकरी गेली हे नक्की धरलं होतं. आणि गंमत अशी, की त्यानंतर तिला ती वीण लख्ख दिसली.

अर्ध्या-पाऊण तासानं धाकटे मालक स्वतः येऊन धडकले. घाम निथळत होता. त्यांनी आधी अभ्र्याकडे बघितलं, मग मावशीकडे.

"हे काय चाललंय, बाई?"

"बसा," मावशी मान वर न करता म्हणाली. "ओरडायचं ते पाच वाजता ओरडा. आत्ता माझा धागा चुकेल."

काकांनी स्टूल पुढे केलं. मालक बसले, कदाचित काय करावं ते न सुचल्यामुळे. मावशीनं कोटाच्या आतल्या शिलाईतून धागे उपसले, रंगाप्रमाणे लावले आणि पुन्हा बघत राहिली. बराच वेळ गेला.

"अजून सुरुवात नाही?" मालकांनी हळूच विचारलं.

"कधीचीच झाली."

मग सुई चालू झाली. मालक स्टूल ओढत ओढत जवळ आले. एकदा त्यांनी खिशातला मोबाईल काढला, त्यात दुसऱ्या दुकानाचं चित्र दिसत होतं, दोन माणसं गप्पा मारत उभी होती. त्यांनी तोंड उघडलं, मावशीकडे बघितलं आणि मोबाईल परत खिशात ठेवला. दुपारी काकांनी डबा उघडला तेव्हा मालकांनाही त्यातलं दिलं. ते जेवले आणि म्हणाले, "आठ महिन्यांत मी असं निवांत बसून जेवलो नाही. घास घेतला की इकडचं बघ, तिकडचं बघ. बायको म्हणते, तो फोन आधी फेकून द्या."

पाचला दहा मिनिटं कमी असताना मावशीनं कोट वाफेवर धरला, हातानं दाबला आणि मालकांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, खिसा चाचपला, उजेडात नेला.

"कुठं होतं?"

"आता मलाही शोधावं लागेल," मावशी म्हणाली. इस्त्रीकाका तोंड वळवून डोळे पुसत होते.

सहा वाजता शिक्षिका आली. मालकांनीच तिला भोक पडल्याचं आणि ते बुजवल्याचं सांगितलं, पैसे घेतले नाहीत. तिनं कोट उलटसुलट केला, काही सापडलं नाही, तसाच अंगात घातला आणि घाईनं गेली.

ओरडणं राहूनच गेलं. माफीबिफीही कोणी मागितली नाही. जाताना मालक एवढंच म्हणाले, "काका, उद्या वेळेवर या." काकांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्यानं कॅमेरा काढून बाहेर काउंटरवर लावला आणि बोलायची सोय बंद केली. त्याला मालकांनी कारण सांगितलं होतं, की आवाज खरखरतो.

त्या रविवारी मावशी दुपारी जेवून आडवी झाली ती थेट दिवेलागणीला उठली. आई म्हणाली, दोनदा श्वास चालू आहे का बघून आले. मावशीनं तोंड धुतलं, ओट्यापाशी पाट घेतला आणि आमच्यासाठी भाजी निवडायला बसली, अगदी सावकाश, एकेक पान उजेडात बघत. कोणी तिला घाई केली नाही.