हँगरमधला पगार आणि तांडेलकाका

विमानं दुरुस्त करण्यात अठरा वर्षं गेली की किस्से आपोआप साठतात. पगार साठत नाही, पण तो विषय वेगळा.

*

लग्नाचं बघायला मालाडला गेलो तेव्हा मी साधा टेक्निशियन होतो. लायसन्स नव्हतं. म्हणजे काम सगळं करायचं, पण 'विमान उडायला ठीक आहे' अशी सही करता येत नाही. आणि आमच्यात खरा पगार त्या सहीला. मुलीच्या वडिलांनी आकडा विचारला. मी सांगितला.

"आमच्या खालचा रिक्षा मेकॅनिक याहून जास्त कमावतो," ते म्हणाले.

"कमावत असेल," मी म्हणालो.

सुनीताने त्याच दिवशी होकार कळवला. लग्नानंतर कारण विचारलं, तर म्हणाली, "आकडा फुगवला नाहीस ना."

*

विमानाच्या पंखातच इंधनाची टाकी असते. ती तपासायला आत सरपटत जावं लागतं. भोक एवढंसं, त्यामुळे सडपातळ म्हणून दर वेळी मीच. मे महिन्यात आत नुसती भट्टी. लग्नानंतर जरा अंगाने भरलो, तर सुपरवायझर म्हणाला, "अरे, घरी खातोस काय तू?"

हे सुनीताला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन पोळ्या जास्त, वर तूप. तीन महिन्यांत माझं टाकीत जाणं सुटलं.

*

तांडेलकाका आमचे सीनियर इंजिनिअर, वेसाव्याचे कोळी. काम संपलं की हत्यारं स्वतः मोजायचे. एकदा तपासणीचा छोटा आरसा कमी भरला. विमानात कुठे राहिला असला तर धोका, म्हणून काकांनी विमान थांबवलं. मॅनेजर तापला. तीन तास शोधाशोध, आणि आरसा निघाला काकांच्याच जॅकेटच्या फाटक्या अस्तरात.

मी हळूच म्हणालो, "काका, टेबलाखाली मिळाला असं लिहू?"

"मिळाला तिथेच लिही. आणि माझं नाव नीट लिही."

त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडकली. काकांनी अस्तर तेवढं शिवून आणलं.

*

रिटायर झाल्यावर काका काकूंना घेऊन विमानाने गोव्याला निघाले. आधी दोनदाच विमानात बसले होते. दोन्ही वेळा प्रत्येक आवाजाला कान देत, खुर्चीचा हात धरून ताठ बसून राहिले, असं काकू सांगायच्या.

तोवर मला लायसन्स मिळालं होतं. त्या सकाळी गोव्याचं विमान मी तपासलं, सही केली आणि बाजूला झालो. वर बघतो तर खिडकीत काका. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पंखाकडे बघितलं आणि खिडकीची झडप खाली ओढली.

मला वाटलं, माझं काही चुकलं की काय.

दुपारी काकूंचा फोन आला. "पोचलो रे. पण यांचं काय सांगू, बसल्या बसल्या घोरायला लागले. गोव्याला हलवून उठवलं."