तिच्या वाट्याची सावड

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. सकाळी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या जर्सी धुवायला काढल्या. पोरींच्या हातात दिल्या की त्या ओढणीबरोबर भिजवतात आणि पांढऱ्या जर्सी गुलाबी होऊन येतात, म्हणून कोच असले तरी मॅचच्या आधी मीच धुते. दोरीवर सगळ्यांत लांब जर्सी टाकताना ठरवलं, आज पासलीला जायचंच.

ती जर्सी आमच्या सर्वांत उंच पोरीची. पासलीची, भोरला हॉस्टेलवर राहते. रिंगवर आपटून परत आलेला चेंडू बहुतेक तिच्याच हातात येतो. ती नसली की बाकीच्या चौघी एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहतात. भातकापणीसाठी म्हणून घरी गेली ती परतली नव्हती, फोनही लागत नव्हता. सोमवारी पुण्यात मॅच होती. हरलो तर तिथेच संपलं, जिंकलो तर मंगळवारी दुसरी.

त्याआधी जिल्ह्याच्या फेरीत आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो. आमचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं, एका रिंगला जाळी नाही, त्यामुळे कॉलेजात सगळ्यांनाच नवल वाटलं. प्राचार्यांनी पेढा दिला आणि म्हणाले, "मॅडम, आता हा जोर टिकवा." ऑफिसातल्यांनीही तेच सांगितलं. कसा टिकवायचा ते कोणी बोललं नाही. त्या संध्याकाळी खोलीवर येऊन विंझरला भावाला फोन केला. तो म्हणाला, "जिंकलात? बरं झालं. तांदूळ संपला असंल ना, पाठवू?" आहे अजून, म्हटलं. मग पोहे केले, खाल्ले आणि ताटली धुऊन ठेवली.

तर रविवारी ती ओलसर जर्सी स्कूटीच्या डिकीत टाकली. बाकीच्या वाळल्या की मॅनेजर म्हणून येणाऱ्या इतिहासाच्या सरांना द्यायला घरमालकिणीला सांगितलं आणि निघाले. नसरापूरला पेट्रोल भरलं. विंझरला भावाच्या दाराला कडी होती, सगळी शेतावर असणार. थांबले नाही.

पासलीला पोचले तेव्हा पोरगी अंगणात विळा घासत बसली होती. मला बघून उभी राहिली आणि आईकडे पाहिलं. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "म्याडम, आमचं भात कापून झालंय. आता सावड फेडायची हाय."

सावड म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. यांच्या शेतात प्रत्येक घरातून दोघं येऊन गेली होती, म्हणून फेडायलाही दोघी हव्यात. बाप पुण्यात टेम्पो चालवतो, त्याला सुट्टी नाही.

"मजुरीनं एखादी बाई नाही का मिळणार?" मी म्हटलं.

"ऐन कापणीत? समद्यांचीच कापणी हाय की." आई चुलीकडे बघत बोलत होती. "पोरगी चांगली खेळती, म्हाईत हाय आमाला. पर म्या एकटीच गेले तर पुढल्या साली आमच्यात कोन यील?"

तिचं बरोबर होतं. चहा संपला.

"तिच्याऐवजी मी आले तर चालेल?"

आई हसली. मग मी हसत नाही हे बघून थांबली. "तुमी?"

"विंझरची आहे मी. लग्नाच्या वयापर्यंत दरसाल भात कापलंय."

"विंझरच्या व्हय! मग आदी बोलायचं की."

पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही नसाल तर आम्ही कसं खेळायचं?" मी जर्सी तिच्या हातात दिली. "उन्हात टाक. उद्या पहिल्या एसटीनं निघ, नसरापूरच्या फाट्यावर आपली जीप थांबेल." गावाच्या वर माळावर रेंज येते, तिथे चढून सरांना फोन केला. सर घाबरले. "अहो, मी तिथे करू काय?" बेंचवर बसा आणि पोरींना पाणी द्या, म्हटलं.

सोमवारी ती अंधारातच गेली. तिची आई आणि मी ज्यांच्या शेतात गेलो तिथे कापणाऱ्यांची ओळ लागली होती. मला कडेला उभं केलं, म्हणजे माझ्यामुळे कोणी अडायला नको. पहिल्या तासातच बोट कापलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, बुडातनं कापा. क्यास कापल्यागत वरवर नगं." पलीकडून कोणीतरी, "शिट्टी वाजवा म्याडम, भात आपसूक आडवं पडंल." ओळभर हसू पसरलं. मीही हसले. कंबर मात्र हसण्यासारखी राहिली नव्हती.

जेवायला बांधावर बसलो तेव्हा म्हातारीनं विचारलं, "मालक काय करत्यात?"

"लग्न नाही केलं."

"मग सांजच्याला भाकरी कुनासाठी थापता?"

"माझ्यासाठी."

"एकीसाठी?" तिनं हातातल्या भाकरीकडे पाहिलं. "येका भाकरीसाठी तवा तापवायचा म्हंजे..." तिनं माझ्या भाकरीवर आणखी एक ठेवली. मी नको म्हटलं नाही.

मॅच दुपारची होती. ऊन कलायला लागलं तशी माझी नजर सारखी वर जायला लागली, जणू डोंगरावर स्कोअर लागणार होता. "म्याडम, वर काय बगताय? भात खाली हाय," म्हातारी म्हणाली. खाली बघून कापत राहिले. आता दुसरा क्वार्टर असेल, आता पोरगी दमली असेल, आता तिला दोन मिनिटं बाहेर काढायला हवं. सरांना हे कोण सांगणार?

काम सुटल्यावर हात न धुताच माळावर चढले. फोन तिसऱ्यांदा लागला.

"मॅडम, जिंकलो!" सर ओरडत होते. "दोनच पॉइंटांनी, पण जिंकलो!"

"टाइमआउट कधी घेतले?"

"ते मला कुठं कळतंय? पोरीच सांगायच्या, सर, उठा, टाइमआउट मागा. मी मागायचो. मग त्याच कोंडाळं करायच्या आणि पुन्हा आत."

"पासलीच्या पोरीला बाहेर बसवलं होतं का?"

"हो, शेवटी. तिनं स्वतःच सांगितलं, मी दमले म्हणून."

मागे पोरींचा गलका चालला होता. मग त्या पोरीनंच फोन घेतला. "मॅडम, विळा चालला का?" मागे सगळ्या खिदळल्या. "उद्या पण मॅच हाय, मॅडम. उद्याची सावड वरच्या आळीची. उताराची शेतं हायत, पाय जपा." कोणीतरी जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी तिथेच उभी राहिले. दोन वर्षं या पोरींना सवय लावली होती, चेंडू सुटला की आधी बेंचकडे बघायचं. आज बेंचवर बघण्यासारखं कोणी नव्हतं आणि त्यांचं अडलं नव्हतं. याचा आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण तो सांगायला फोनमधला कोणता नंबर लावावा हे सुचेना. भावाचा नंबर काढला. तोही दिवसभर वाकलेला असणार. फोन न लावताच बंद केला आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला चिंधी गुंडाळली, पोरीच्या आईबरोबर वरच्या आळीत गेले. दव होतं, उतारावर पाय सरकत होते. ओळ आधीच लागली होती. मी कडेला जाऊन उभी राहिले आणि बुडातनं कापायला लागले.