वेशीवरचा एकटा शिपाई

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की कारखान्याशेजारचा फलटणचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. तिथे मी एक गेम खेळायचो. आपली चाल झाली की बटण दाबायचं, मगच शत्रू हलणार. एका संध्याकाळी गेममधली रानटी टोळी माझ्या डोंगराकडच्या गावाला भिडली होती आणि पहाऱ्याला एकच शिपाई होता. तेवढ्यात वडील मला न्यायला आले आणि चपला काढून पाठीमागे उभे राहिले. थोरला भाऊ तेव्हा फौजेत, सरहद्दीवर होता. महिनाभर त्याची खबर नव्हती. "ह्यो एकलाच हाय व्हय रं?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं. "व्हय, आण्णा. दुसरा लय लांब हाय." "आन् ही टोळी कवा चाल करनार?" "मी बटण दाबलं की." "मग दाबू नगंस." मी हसलो, ते हसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून ते नुसते या पायावरून त्या पायावर भार देत राहिले. सर किल्ल्या वाजवू लागले तरी हलेनात. शेवटी सरांनी मेन स्विच बंद केला, तेव्हा कुठे "चल" म्हणाले. भाऊ सुखरूप परतला, आता ऊस बघतो. मी अजूनही असले गेम खेळतो आणि सगळी फौज पहाऱ्यातच गुंतवून बहुतेक वेळा हरतो, कारण कुठल्याच गावात मला एकटा शिपाई ठेववत नाही.