सतराला सहा सेकंद, अठराला दोन

गेल्या ऑगस्टची चोवीस तारीख, रविवार, सकाळी सव्वाअकरा. फीची रक्कम अठरा हजार पाचशे, दोन हप्त्यांत. हजर: मी, बायको, सहावीत शिकणारी आमची मुलगी आणि माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. स्थळ आमचं बोरिवलीचं घर, चौथा मजला. विषय एकच, मुलीला गणिताच्या क्लासला घालायचं की नाही.

चाचणीत तिला वीसपैकी अकरा गुण होते. पेपर मी दोनदा तपासला. सोडवलेलं एकही गणित चुकलं नव्हतं; शेवटची वेळेअभावी कोरी राहिली होती. खाली वर्गशिक्षिकेने लाल शाईत लिहिलं होतं, ‘पाढे पाठ नाहीत.’ शेजारच्या इमारतीतल्या क्लासमध्ये तीसपर्यंतचे पाढे रोज घोकून घेतात. तिथला फॉर्म मी आदल्या दिवशीच भरून आलो होतो. आठवड्याचे पाच दिवस, साडेपाच ते साडेसात. आमच्या बिल्डिंगच्या मुली खाली कबड्डी खेळतात तेही नेमके हेच दोन तास, आणि कबड्डी म्हणजे हिचा जीव की प्राण.

‘पप्पा, मला उत्तर येतं ना. फक्त वेळ लागतो,’ ती म्हणाली.

‘पाढे पाठ असते तर लागला नसता. आजोबांकडे बघ. या वयातही अडीचकी पाठ आहे.’

वडील कोकणातल्या शाळेत शिकले, मग मुंबईत येऊन गिरणीत कापडाच्या हिशोबाला लागले. कुठल्याही आकड्याची अडीचपट ते डोळे मिटून, एका चालीत सांगतात. तीच अडीचकी. लहानपणी माझ्याकडून सगळे पाढे त्यांनीच पाठ करून घेतले. अडखळलो की उलट्या हातावर पट्टी बसायची.

‘मग लावा मॅच,’ मुलगी म्हणाली. ‘अडीचकीचीच. आजोबा पाठ म्हणणार, मी डोक्याने करणार. दहा गणितं. मी जिंकले तर क्लास नाही.’

‘आणि हरलीस तर?’

‘गपचूप जाईन.’

वडिलांनी सोफ्यावर मांडी ठोकली. ‘होवन जाव दे. पण चेडवा, मागाहून रडूचा नाय हां.’

मी आकडा सांगायचो आणि मोबाइलवर सेकंद मोजायचो. आधी बरोबर उत्तर देईल त्याला एक गुण, शेजारी लागलेला वेळ. वेळ लिहायची खरं तर काही गरज नव्हती. सवय, दुसरं काय.

बारा. ‘तीस,’ वडील म्हणाले. दोन सेकंद. सतरा. वडिलांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला, ‘सतरा अडीऽऽच’ असा सूर लावला आणि म्हणाले, ‘साडेबेचाळीस.’ सहा सेकंद. मुलगी जेमतेम मागे राहिली. अठरा. ‘पंचेचाळीस,’ पुन्हा वडील, दोन सेकंद. आठ गणितं झाली तेव्हा वडील सहा, मुलगी दोन. उरलेली दोन्ही तिने जिंकली असती तरी उपयोग नव्हता.

‘संपलं,’ मी म्हणालो. ‘उद्यापासून साडेपाच.’

ती रडली नाही. ‘कागद बघू,’ म्हणाली. मला वाटलं, माझी बेरीज तपासणार. पण ती सेकंदांवर बोट फिरवत होती.

‘आजोबा, तुम्हाला बारा, सोळा, अठराला दोन-दोन सेकंद लागलेत. आणि तेरा, सतरा, तेवीसला पाच-सहा. पाठ असेल तर सतराला आणि अठराला वेळ सारखाच लागायला पाहिजे ना?’

वडील पंख्याकडे बघू लागले.

‘तुम्ही पाठ म्हणतच नाही! गाता गाता हिशोब करता! चीटिंग!’

वडील इतके हसले की कवळी हाताने सांभाळावी लागली. ‘गावली गो चोरी! पाठ खयचा? चाळीस वर्सा झाली, सगळा इसारलंय. आकड्याची दुप्पट करूची, तेच्यात निम्मा घालूचा. सतराचे चौतीस, वर साडेआठ. विषम आकडो इलो की निम्मा करूक येळ लागता. तवसर सूर लावूचो. समोरच्याक वाटता, पाठ आसा.’

चाळीस वर्षं. मी मनात वजाबाकी केली. ‘बाबा, तेव्हा मी चौथीत होतो. म्हणजे मला पट्टी बसत होती तेव्हा तुम्हाला...’

‘माका सव्विसाच्या पुढचे पाढे येयत नव्हते.’

‘मग मला का घोकायला लावलंत?’

‘तू कधी इचारलंसच नाय. ह्या चेडवान इचारल्यान.’

बायको इतका वेळ दारात उभी राहून पदराने तोंड दाबत होती. मी म्हणालो, ‘ते सगळं ठीक, पण नियमाप्रमाणे ही हरलीच.’

‘कुणाशी हो?’ बायको म्हणाली. ‘मॅच पाठांतराशी होती. पाठांतर आलंच नाही खेळायला.’

मी कागदावर आडवी रेघ मारली आणि ‘सामना रद्द’ असं लिहून खाली सही केली.

जेवायची वेळ टळून गेली तरी आजोबा-नातीचं चालूच. तिची रीत वेगळी होती, आकड्याची दहापट करून चौथाई घ्यायची. वडिलांनी ती सतरावर करून बघितली. एकशेसत्तर, निम्मे पंच्याऐंशी, त्याचे निम्मे. ‘ह्यो लांबचो रस्तो गो,’ ते म्हणाले, पण चाळीसला तोच जवळचा निघाला तेव्हा स्वारी खूश. पुढच्या चाचणीत तिला पंधरा मिळाले. एक गणित कोरंच होतं. एका चाचणीवरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पेपर सोडवताना ती गुणगुणते, अशी मात्र तक्रार आली आहे.

मॅचच्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी क्लासच्या मॅडमच्या घरी गेलो आणि प्रवेश नको असल्याचं सांगितलं. खालून कबड्डीचा आरडाओरडा ऐकू येत होता. सगळ्यात मोठा आवाज आमच्या मुलीचाच.

‘मग पाढे घरी कोण घेणार?’ मॅडमनी विचारलं.

‘माझे वडील आहेत ना,’ मी म्हणालो आणि मला हसू आवरेना.

मॅडमना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, फॉर्म भरलेला आहे, त्याचे पैसे द्यावे लागतील. बरोबरच होतं त्यांचं. दोनशे रुपये मॅडमना दिले आणि पावती घेतली.